अण्णांना चालू द्यायचं की खुर्चीत बसवून ठेवायचं?

या वेळचं पत्र कराडजवळच्या एका गावातून आलंय, एका सुनेचं. नाव-गाव वगळून थोडक्यात देते:

"ताई, माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर होते. दिवाळीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. मेंदूत उजवीकडे गुठळी झाली आणि डावी बाजू गेली. आता सात महिने झाले, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणं एकदम व्यवस्थित आहे. पण गेल्या दोन महिन्यांत तीनदा पडले. पहिल्यांदा रात्री अडीचला लघवीला उठले आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याला पाय अडकला. दुसऱ्यांदा अंगणात चालत होते, शेजारच्या काकांनी हाक मारली, वळले आणि डाव्या कुशीवर पडले. तिसऱ्यांदा बाथरूममधून बाहेर येताना डावा खांदा चौकटीला आपटला आणि तोल गेला. हाड मोडलं नाही पण आईंनी म्हणजे सासूबाईंनी धसकाच घेतलाय, आता त्या त्यांना उठूच देत नाहीत, दिवसभर खुर्चीत. अण्णा चिडतात, मला काही झालेलं नाही म्हणतात. मिस्टर पुण्याला कामाला, शनिवार-रविवार येतात. फिजिओथेरपीवाले दोन महिने येत होते, मग परवडेना. पायाला प्लास्टिकचा स्प्लिंट दिलाय तो टोचतो म्हणून घालत नाहीत. पुण्यात मशीनवर चालवतात म्हणे, त्यासाठी कर्ज काढावं का? जेवणही कमी झालंय, चटणी-कोशिंबीर ताटात तशीच राहते, आई म्हणतात तोंडाची चव गेली. खरं सांगा, चालू द्यायचं की नको?"

ताई, चालू द्यायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं वाचेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागू नये.

पण "चालू द्या" एवढंच म्हणून मी मोकळी झाले तर ते बेजबाबदारपणाचं होईल, अण्णा चौथ्यांदा पडतील आणि आईंचं म्हणणं खरं ठरेल. त्यामुळे तुमचं पत्र मी तीनचारदा वाचलं आणि मला सगळ्यात जास्त अडलं ते उंबरा नाही, बाथरूम नाही, तर ताटातली चटणी.

आपल्याकडे ताट कसं वाढतात बघा. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर हे सगळं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. तर अण्णांच्या ताटातली फक्त डावी बाजू शिल्लक राहतेय, भाजी संपतेय. तोंडाची चव गेली असती तर भाजीही राहिली असती ना? आता हेच त्या तीन पडण्यांशी लावून बघा. डावा खांदा चौकटीला आपटला. वळले आणि डाव्या कुशीवर पडले. आणि उंबऱ्याला अडकलेला पाय कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीये पण मला वाटतं तो डावाच असणार.

मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की डावा हात-पाय कमजोर होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण बऱ्याच पेशंटमधे त्याबरोबर आणखी एक गोष्ट होते जी घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असले तरी मेंदू डावीकडची दखल घेत नाही, मग डावी भिंत, डावीकडून येणारं माणूस, स्वतःचा डावा पाय नीट टेकलाय की घोट्यात मुडपलाय, हे सगळं त्याच्या लेखी नसतंच. आणि याच भागाच्या आजारात स्वतःला काय झालंय याची जाणीवही कमी होते. अण्णा "मला काही झालेलं नाही" म्हणतात तो हट्ट नाहीये ताई, तो आजाराचाच भाग असू शकतो. आईंना हे नक्की सांगा, कारण सात महिने त्या बिचाऱ्या समजतायत की हे मुद्दाम ऐकत नाहीत.

आज रात्री एक करून बघा. अण्णा जेवत आले, चटणी राहिली, की काही न बोलता ताट अर्धं फिरवा, म्हणजे डावीकडचं उजवीकडे येईल. आता ती कोशिंबीर खायला लागले तर समजा की चवीचा प्रश्न नव्हता. मात्र कधीकधी अर्ध्या बाजूची नजरच गेलेली असते, दोन्ही डोळ्यांची डावी बाजू दिसत नाही, आणि ताटावर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेची 'फील्ड' तपासून घ्या आणि न्यूरोवाल्या डॉक्टरांना ताटाची ही गोष्ट जशीच्या तशी सांगा. त्यांना पाच मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही ते घरच्या ताटात दिसतं.

आता खुर्चीबद्दल. आईंची भीती खोटी नाही, मी त्यांच्या जागी असते तर मलाही रात्री झोप लागली नसती. पण दिवसभर बसवून ठेवल्याने पडणं टळत नाही, पुढे ढकललं जातं. कसं, तर न वापरलेला पाय अजून बारीक होतो, घोटा आखडतो, गुडघा कडक होतो, लकवा झालेल्या बाजूचं हाडसुद्धा पातळ होत जातं, आणि माणूस काही चोवीस तास बसून राहत नाही, लघवीला तर उठणारच, आणि तेही कुणाला न सांगता, घाईत, कारण सांगितलं की ओरडा बसतो. म्हणजे दिवसभरात एकदाच उठणार आणि ते सगळ्यात वाईट वेळी, एकटं. शिवाय स्ट्रोकनंतर, म्हणजे पॅरालिसिसच्या अशा झटक्यानंतर, पडणारी माणसं बहुतेक कमजोर बाजूवर पडतात आणि हाडही त्याच बाजूचं कच्चं झालेलं असतं, खुब्याचं हाड मोडतं ते असंच. (व्हिटॅमिन डी आणि हाडांची तपासणी करायची का हे डॉक्टरांना विचारून ठेवा.)

मग करायचं काय?

अण्णा ड्रायव्हर होते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ज्या माणसाने आयुष्यभर एसटी चालवली त्याला डावा आरसा बघायची सवय हाडात भिनलेली असते, ती वापरा. "अण्णा, डावीकडे बघा" असं दिवसातून पन्नास वेळा ऐकलं की माणूस वैतागतो, पण "अण्णा, डावा आरसा" म्हटलं की कदाचित मान आपोआप वळेल. प्रत्येक दारातून जायच्या आधी थांबायचं, मान डावीकडे पूर्ण वळवायची, चौकट बघायची, आपला डावा पाय बघायचा, मग पाऊल. बाथरूमच्या, खोलीच्या, मागच्या दाराच्या डाव्या चौकटीला खालपासून वरपर्यंत लाल चिकटपट्टी लावा आणि त्यांना सांगा, लाल पट्टी दिसल्याशिवाय दार ओलांडायचं नाही. गप्पा मारायला बसताना तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला बसा, टीव्ही थोडा डावीकडे सरकवा. मात्र जे सुरक्षेचं आहे, म्हणजे काठी, पाणी, लघवीचं भांडं, बेल, ते उजव्या हाताशीच ठेवायचं, तिथे सराव नको.

दुसरी गोष्ट, डबल बेल. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही ना, तसंच उठल्या उठल्या चालायला लागायचं नाही. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून एखादं मिनिट बसायचं, मग उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, गरगरत नाही ना बघायचं, मग बरोबरच्या माणसाने म्हणायचं डबल बेल. हा नुसता खेळ नाहीये. स्ट्रोक झालेल्या बहुतेकांना बीपीच्या गोळ्या चालू असतात आणि झोपेतून एकदम उठलं की काहींचं बीपी खाली येतं. घरी मशीन असेल तर झोपलेलं असताना बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला किंवा खालचा १० उतरला तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका हं, बिलकुल नाही, दुसरा झटका यायचा. झोपेची गोळी चालू असेल तर तेही विचारा.

अंगणातल्या पडण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण ते लोकांना क्षुल्लक वाटतं. स्वीडनमधे १९९७ साली संशोधकांनी वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या, बास एवढंच. त्यातले १२ जण उत्तर द्यायला थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. ते सगळे काही स्ट्रोकचे पेशंट नव्हते, पण मुद्दा तोच आहे. आपल्याला चालणं आपोआप होतं, ज्याला होत नाही त्याचं सगळं लक्ष पावलात असतं, त्यात कुणी हाक मारली की लक्ष तिकडे आणि पाय इकडे. म्हणून काही दिवस अण्णा चालत असताना घरात कुणी बोलायचं नाही, शेजारच्या काकांनाही प्रेमाने सांगा की हाक मारायची ती अण्णा बसल्यावर. आणि अण्णांना एकच नियम, हाक आली तर आधी थांबायचं, काठी टेकायची, मग वळायचं. वळायचं म्हणजे कमरेतून गर्रकन नाही आणि डाव्या पायावर गिरकी घेऊन तर नाहीच, छोटी छोटी पावलं टाकत मोठा वळसा, एसटी स्टँडात वळते तशी.

उंबरा. स्प्लिंट टोचतो म्हणून घालत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, आणि बहुतेक तोच पाय उंबऱ्याला अडकतोय. पाऊल उचलताना चवडा खाली लोंबतो, तो वर धरून ठेवायला तर तो स्प्लिंट आहे. टोचत असेल तर दोष अण्णांचा नाही, स्प्लिंटच्या मापाचा आहे. अर्धा तास घालून काढा, त्वचा लाल झालेली वीसेक मिनिटांत गेली नाही तर तो नक्की कुठेतरी दाबतोय, जिथून बनवला तिथे परत नेऊन तापवून नीट करून घ्या, नवीन घ्यायची गरज नसते बहुतेक वेळा. आतून सुती मोजा घाला. आणि महत्त्वाचं म्हणजे नुसता स्प्लिंट घालून फरशीवर चालायचं नाही, तो प्लास्टिकचा असतो, सरकतो. वर मागून बंद असलेला, वेल्क्रोचा बूट हवाच. आपल्याकडे घरात पायताण चालत नाही, आईंना ते पटणार नाही, तर एक नवा जोड फक्त घरात वापरायला आणा जो कधी अंगणातसुद्धा जाणार नाही, देवघरापुढे काढून ठेवता येईल. स्लिपर मात्र बंद. लुंगी नेसत असतील तर तीही काही महिने बंद, पायात येते.

रात्रीचा प्रवासच रद्द करा. मागच्या दाराने परसात जाण्याऐवजी पलंगाजवळ उजव्या हाताला युरिनलचं भांडं ठेवा, किंवा कमोडची खुर्ची मिळते ती आणा. झोपायच्या दोन तास आधीपासून पाणी थोडं कमी, झोपताना एकदा जाऊन यायचं, खोलीत रात्रभर छोटा दिवा. आणि आता पावसाळा तोंडावर आलाय, परसातल्या फरशीवर शेवाळं धरायच्या आत ती घासून घ्या.

बाथरूममधे भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा लावा, टॉवेलचा दांडा धरून चालत नाही, तो वजनाने निखळतो. अण्णांचा उजवा हात चांगला आहे, तर बसल्यावर उजव्या हाताला येईल असा एक, आणि बाहेर येताना उजवीकडे येईल असा दुसरा. आत जाताना जी बाजू उजवी असते ती बाहेर येताना डावी होते हे मिस्त्रीच्या लक्षात येत नाही, म्हणून लावताना अण्णांना तिथे प्रत्यक्ष बसवून, उठवून खुणा करा. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल नको, रुंद पायांची जड खुर्ची हवी. आणि बाहेर यायच्या आधी बसल्या बसल्याच पाय कोरडे करायचे.

तुम्ही दोघी त्यांना कसं धरता ते लिहिलेलं नाहीये पण बहुतेक घरांत जे बघते ते सांगते. डावा हात धरून ओढून उठवतात. तसं करू नका, कमजोर खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निखळल्यासारखा होतो आणि मग त्या दुखण्यानेच माणूस व्यायाम सोडतो. उभं राहायचं डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक हात कमरेच्या पट्ट्यावर. पट्टा म्हणजे साधा रुंद कॅनव्हासचा बेल्ट, कपड्यांवरून घट्ट बांधलेला. काठी उजव्या हातात. काठीची उंची बघा, बूट घालून सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यायला हवी, बाजारातून आणलेली काठी बहुतेक लांब असते, आणि खालचं रबर झिजलं असेल तर आजच बदला. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

आता कर्जाचा प्रश्न. ताई, त्यासाठी कर्ज काढू नका. अमेरिकेत ४०८ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. काहींना पट्ट्याने लटकवून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम हळूहळू वाढवत दिले. वर्षाने बघितलं तर एकूण ५२ टक्के लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं होतं, आणि दोन्हींत फरक नव्हता. म्हणजे मशीन वाईट असं नाही, पण घरात सोनं असेल तर ते मशीनसाठी गहाण टाकावं इतकं ते मोठं नाही. तेच पैसे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर घाला, रोज नको, आठवड्यातून एकदा येऊन व्यायाम बदलून, वाढवून दिले तरी चालेल, मधले दिवस तुम्ही. तेही जमत नसेल तर सरकारी रुग्णालयात किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत जा, तिथे खर्च कमी येतो.

आणि हे सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नका. आपल्याच देशात १४ हॉस्पिटलांत १२५० स्ट्रोकच्या पेशंटवर प्रयोग झाला होता, २०१७ मधे निकाल आला. घरच्या माणसाला शिकवून त्यानेच घरी व्यायाम करून घ्यायचे अशी योजना होती. सहा महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त काही फायदा दिसला नाही. मी हे तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाहीये. उलट, सात महिन्यांत अण्णा भराभर सुधारले नाहीत म्हणून तुम्ही कमी पडलात असं जे तुम्हाला रात्री वाटत असेल ना, ते काढून टाका. यासाठी शिकलेलं माणूस लागतं, अधूनमधून का होईना.

सात महिने झाले म्हणजे संपलं असंही नाही. पहिल्या तीन-सहा महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, नंतर वेग कमी होतो, पण चालणं, तोल, दम हे सरावाने नंतरही सुधारतं. घरी आत्तापासून करता येईल असा एकच व्यायाम सांगायचा तर खुर्चीतून उठणं-बसणं. हात असलेली, भिंतीला टेकवलेली जड खुर्ची, दोन्ही टाचा थोड्या मागे, पुढे वाकून उठायचं, वजन डाव्या पायावरही घ्यायचं, सावकाश बसायचं. पाच वेळा, दिवसातून चारदा, मग हळूहळू दहा. ते जमलं की स्वयंपाकघरातल्या कट्ट्याला धरून उभं राहायचं, मागे खुर्ची, आणि कट्ट्याच्या कडेने आडवी पावलं टाकत जायचं. स्वयंपाक करताना तुम्हाला लक्षही ठेवता येतं आणि अण्णांना घरात असल्यासारखं वाटतं, कोपऱ्यातल्या खुर्चीत ते वाटत नाही.

प्रगती मोजायची तर अंगणात १० मीटर म्हणजे साधारण ३३ फुटांवर दोन खुणा करा, डावीकडे कुणीतरी असू द्या आणि मोबाईलवर वेळ लावा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर सध्या घरापुरतं चालणं. १२-१३ सेकंदांवर आले की बाजारात जाण्याइतकी तयारी होत आली असं धरतात. मधे असतील तर गल्लीत, सोबतीने. पंधरा दिवसांतून एकदाच मोजा, रोज नको, नाहीतर त्याचंच टेन्शन येतं.

तरीही पडले तर? लगेच ओढून उठवू नका, हे आईंना दोनदा सांगा. आधी तसंच पडून राहू द्या, विचारा कुठे दुखतंय. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, खुब्यात प्रचंड दुखलं तर हलवू नका, १०८ ला फोन. स्ट्रोकनंतर रक्त पातळ करणारी गोळी बहुतेकांना चालू असते, म्हणून डोकं आपटलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं, उलटी, गुंगी, डोकेदुखी वाढत गेली तर एक मिनिटही थांबायचं नाही. आणि पडण्याआधी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय अचानक जास्त ढिला पडला असं काही असेल तर तो नवा झटका असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा घरी मालिश करत बसू नका.

एक वही करा. तारीख, वेळ, कुठे, काय करताना, कोणत्या बाजूला, पायात काय होतं. नुसता तोल गेला पण सावरले तेही लिहा. तुमच्या त्या तीन ओळींवरून मला एवढं कळलं, तर महिनाभराच्या वहीतून तुमच्या डॉक्टरांना किती कळेल.

आईंना बाजूला सारू नका, त्यांना काम द्या. उद्या सकाळी चहा झाला की अण्णांना पलंगापासून देवघरापर्यंत चालवा, तेवढंच. स्प्लिंट नीट होईपर्यंत जेवढं सोसेल तेवढा वेळच घाला, पण चालताना घाला. तुम्ही डावीकडे पट्टा धरून, आई मागून खुर्ची सरकवत, म्हणजे दमले तर जिथल्या तिथे बसता येईल आणि आईंना मागे हात बांधून बघत उभं राहायला लागणार नाही. आणि डबल बेल आईंनाच देऊ द्या.